धाप लागलेल्या रुग्णाला कोणतं यंत्र? ऑक्सिजनच्या नळीपासून व्हेंटिलेटरपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक, आयसीयूत नव्याने ड्युटी लागलेल्या नर्स आणि शिकाऊ डॉक्टर यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एखाद्या रुग्णाला काय लावायचं हा निर्णय मात्र त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. त्यांच्याशी बोलताना नेमकं काय विचारायचं ते कळावं, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

१. श्वास तर चालू आहे, मग डॉक्टर "रेस्पिरेटरी फेल्युअर" का म्हणतात?

श्वास चालू आहे, पण तो पुरेसा पडत नाही, म्हणून. फुप्फुसांची कामं दोन: रक्तात ऑक्सिजन पोचवणं आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं. पहिलं काम बिघडलं की धमनीच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब ६० मिमी पाऱ्याच्या खाली जातो. याला टाइप १ म्हणतात. न्यूमोनिया, फुप्फुसात पाणी भरणं आणि एआरडीएस (दोन्ही फुप्फुसांना पसरलेली तीव्र सूज) ही त्याची नेहमीची कारणं. दुसरं काम बिघडलं की कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर चढतो. तो झपाट्याने चढला तर रक्ताचा पीएच ७.३५ च्या खाली उतरतो, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकतं. हा टाइप २. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) अचानक बळावणं, स्नायूंचे आजार, गुंगीच्या औषधांचा अतिरेक अशा वेळी तो दिसतो.

दोन्ही एकत्रही असू शकतात. म्हणूनच मनगटातल्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची आणि पीएचची तपासणी, करतात. ती सुई दुखते आणि नातेवाईकांना वाटतं, बोटाला यंत्र लावलंय तर ही कशाला? पण बोटावरचं ऑक्सिमीटर फक्त ऑक्सिजन दाखवतं, कार्बन डायऑक्साइड त्याला दिसत नाही.

२. नाकातली नळी, साधा मास्क, पिशवीचा मास्क, व्हेंचुरी. सगळ्यांतून ऑक्सिजनच येतो, मग फरक काय?

फरक दोन गोष्टींचा: ऑक्सिजन किती टक्के मिळतो आणि त्या आकड्यावर भरवसा किती ठेवायचा. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. नाकातल्या नळीने मिनिटाला १ ते ६ लिटर दिला तर तो साधारण २४ ते ४४ टक्क्यांपर्यंत जातो. साध्या मास्कला किमान ५ लिटर लागतात. त्याहून कमी ठेवले तर मास्कमध्ये साठलेला उच्छ्वास रुग्ण पुन्हा आत घेतो. पिशवीचा मास्क १० ते १५ लिटरवर चालतो आणि त्यातून ६० ते ९० टक्के मिळतात. पण त्याची पिशवी श्वास घेताना पूर्ण चपटी होता कामा नये. होत असेल तर प्रवाह अपुरा आहे.

आता भरवशाचं. धाप लागलेला माणूस श्वास ओढतो त्या क्षणी हवेचा वेग मिनिटाला ६० लिटरच्या पुढेही जाऊ शकतो. नळीतून येतात १५. उरलेली हवा तो मास्कच्या फटींतून खोलीतलीच ओढतो. म्हणजे जितकी धाप जास्त तितका ऑक्सिजन पातळ होतो, आणि गरज असते नेमकी उलट. व्हेंचुरी मास्कमध्ये ऑक्सिजन आणि हवा ठरलेल्या प्रमाणात मिसळतात, त्यामुळे २४, २८, ३५ असा ठरलेला टक्का बऱ्यापैकी टिकतो. सीओपीडीच्या रुग्णाला तो का लावतात ते प्रश्न १० मध्ये आहे.

३. हाय फ्लो म्हणजे तीच नळी, फक्त जोरात सोडलेली?

नाही. साध्या नळीतून कोरडा, थंड ऑक्सिजन ६० लिटरने सोडला तर कोणी पाच मिनिटंही सहन करणार नाही. हाय फ्लोमध्ये हवा सुमारे ३७ अंशांपर्यंत गरम करतात, वाफेने पुरेपूर ओलसर करतात आणि मगच मिनिटाला ६० लिटरपर्यंत देतात. ऑक्सिजन २१ पासून १०० टक्क्यांपर्यंत हवा तसा ठेवता येतो. एवढा प्रवाह असला की रुग्णाला खोलीतली हवा फारशी ओढावी लागत नाही, त्यामुळे प्रश्न २ मधली अडचण बरीच सुटते.

आणखी एक फायदा आहे, पण तो फारसा कोणी सांगत नाही. नाक, घसा आणि श्वासनलिका मिळून प्रौढ माणसात सुमारे १५० मिली हवा अशी असते की ती नुसती आत-बाहेर करते, तिचा रक्ताशी संबंध येत नाही. दर उच्छ्वासानंतर तिथे वापरलेली हवा उरते. हाय फ्लोचा प्रवाह नाक-घशातली ती हवा धुऊन काढतो, आणि पुढचा श्वास ताज्या हवेने सुरू होतो. तोंड मिटलेलं असेल तर थोडा दाबही तयार होतो. शिवाय कफ सुकत नाही, बोलता येतं, पाणी पिता येतं. या साध्या गोष्टींमुळेच रुग्ण यंत्र काढून फेकत नाही.

४. सीपॅप आणि बायपॅप एकच का?

मास्क सारखाच दिसतो, काम वेगळं आहे. सीपॅप श्वास घेताना आणि सोडताना एकच दाब ठेवतो, बहुधा ५ ते १० सेंमी पाण्याइतका. त्यामुळे मिटू पाहणारे वायुकोश उघडे राहतात आणि ऑक्सिजन सुधारतो. बायपॅपमध्ये दोन दाब असतात: श्वास सोडताना कमी, समजा ५, आणि घेताना जास्त, सुरुवातीला १० ते १२. मग गरजेनुसार २० किंवा त्याहूनही वर नेतात. या दोन दाबांमधला फरक स्नायूंचं काम वाटून घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायला मदत करतो. म्हणून यंत्र लावलं आहे एवढ्यावर थांबू नका. दोन दाब किती ठेवलेत, तेही विचारा. १० आणि ८ वर ठेवलेलं बायपॅप सीपॅपहून फार वेगळं नसतं.

५. मग कोणत्या आजाराला कोणतं यंत्र?

सीओपीडी बळावून पीएच ७.३५ च्या खाली गेला असेल तर बायपॅप. इथे पुरावा इतका भक्कम आहे की कारण नसताना ते न लावणं हा निष्काळजीपणा मानावा लागेल. १९९५ साली युरोपातल्या आयसीयूंमध्ये झालेल्या ब्रोशार यांच्या चाचणीत घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागण्याचं (पुढे "नळी घालणं" किंवा "नळी लागणं" म्हणजे हेच) प्रमाण ७४ टक्क्यांवरून २६ वर आलं आणि मृत्यू २९ वरून ९ टक्क्यांवर. २००० साली ब्रिटनमधल्या साध्या वॉर्डांतही मृत्यू २० वरून १० टक्क्यांवर आले.

हृदयाच्या कमजोरीने फुप्फुसात पाणी भरलं असेल तर सीपॅप किंवा बायपॅप, दोन्ही चालतात. धाप लवकर उतरते. २००८ च्या मोठ्या चाचणीत साध्या ऑक्सिजनच्या तुलनेत मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत, पण आराम लवकर मिळाला. बुडत असल्यासारखं वाटणाऱ्या माणसाला तो आराम लहान नसतो. लघवीचं आणि रक्तदाबाचं औषध सोबत हवंच.

न्यूमोनियामुळे फक्त ऑक्सिजन कमी असेल तर मी आधी हाय फ्लोकडे वळेन. २०१५ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधल्या ३१० रुग्णांवर फ्लोराली नावाची चाचणी झाली. तिच्यात नळी घालण्याचं प्रमाण साधा ऑक्सिजन, हाय फ्लो आणि बायपॅप या तिन्ही गटांत स्पष्टपणे वेगळं ठरलं नाही, पण ९० दिवसांपर्यंतचे मृत्यू हाय फ्लोच्या गटात सर्वांत कमी होते. कोविडमध्ये चित्र थोडं बदललं. ब्रिटनच्या २०२२ सालच्या रिकव्हरी-आरएस चाचणीत, नळी लागणं किंवा मृत्यू हे मिळून पाहिलं तेव्हा साध्या ऑक्सिजनपेक्षा सीपॅप सरस ठरला. हाय फ्लोने तसा फरक दाखवला नाही.

स्नायूंच्या आजारात बायपॅप लवकर सुरू करावा. तिथे एबीजी शेवटपर्यंत बरा दिसू शकतो, म्हणून त्यावर विसंबू नये. दम्याच्या तीव्र झटक्यात बायपॅपचा पुरावा कच्चा आहे. लावायचाच तर आयसीयूत आणि नळीची तयारी ठेवून.

६. बायपॅप ही हाय फ्लोच्या वरची पायरी आहे ना? मग थेट तीच का देत नाहीत?

या पायऱ्या नाहीतच. दोन्ही यंत्रं वेगळ्या अडचणींवर चालतात. न्यूमोनियाचा रुग्ण आधीच जोरजोरात, खोल श्वास ओढत असतो. त्यात बायपॅपने भर घातली तर आजारी फुप्फुस दर श्वासाला जास्तच ताणलं जातं. उंचीवरून काढलेल्या आदर्श वजनाच्या दर किलोमागे ९ मिलीपेक्षा मोठे श्वास पडत असतील, तर अशा रुग्णांत बायपॅप अपयशी ठरण्याची शक्यता वाढते. मॉनिटरवर हा आकडा दिसतो, तो बघा. उलट कार्बन डायऑक्साइड चढून रक्त आम्ल झालेल्या रुग्णाला नुसत्या हाय फ्लोवर ठेवणं बहुतेक वेळा कमी पडतं.

७. मास्क लावला की गुदमरतं म्हणतात, ओढून काढतात. हात बांधायचे का?

नाही. आधीच श्वास अडलेल्या माणसाच्या तोंडावर घट्ट मास्क बसवून हात बांधले तर भीती वाढते, भीतीने श्वास वाढतो आणि यंत्राशी झगडा सुरू होतो. सुरुवातीला मास्क पट्ट्यांशिवाय नुसता तोंडावर धरा, जमत असेल तर रुग्णालाच धरू द्या. दाब कमी ठेवून हळूहळू वाढवा. कोणीतरी शेजारी बसून "हवा येईल, तिच्याबरोबर श्वास घ्या" असं सांगत राहावं. पहिला अर्धा तास नर्सने पलंगापासून हलू नये, हे माझं ठाम मत आहे. बायपॅप टिकणार की नाही ते बहुतेकदा त्याच वेळात ठरतं.

मास्कचा आकार बघा. मोठा मास्क आवळून बसवला की नाकाच्या हाडावर जखम होते आणि हवा डोळ्यांत जाते. थोडी गळती चालते, यंत्र ती भरून काढतं. पट्टीखाली दोन बोटं जायला हवीत. उलटी आली तर मास्क क्षणात काढता आला पाहिजे, तो कसा काढायचा हे नातेवाईकांनाही दाखवून ठेवा. झोपेची औषधं फक्त आयसीयूत, थोडी, आणि कोणाचं तरी लक्ष असताना.

८. हेल्मेट लावलेले फोटो पाहिलेत. ते जास्त चांगलं असतं का?

हेल्मेट म्हणजे मास्कऐवजी पूर्ण डोक्यावर बसणारी पारदर्शक टोपी, तिच्यातून दाब देतात. काहींना मास्कपेक्षा सोसतं, कारण चेहऱ्यावर काही टेकत नाही. इटलीत ते बरंच वापरतात. तिथल्याच २०२१ च्या चाचणीत हेल्मेट आणि हाय फ्लो यांची तुलना झाली. यंत्राविना काढलेल्या दिवसांत फरक पडला नाही, मात्र नळी लागण्याचं प्रमाण हेल्मेटच्या गटात कमी होतं. आत आवाज फार असतो, काखेतले पट्टे काचतात. प्रवाह कमी ठेवला तर आत कार्बन डायऑक्साइड साठतो. ज्या टीमला सवय नाही तिने पहिला प्रयोग अत्यवस्थ रुग्णावर करू नये.

९. सॅचुरेशन ९५ आहे, तरी डॉक्टर घशात नळी घालायची म्हणतात. घाई नाही का होत?

सॅचुरेशन म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरलंय, तो बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा. ९५ कशाच्या बळावर आहे, ते आधी विचारा. हाय फ्लोवरच्या रुग्णांसाठी रॉक्स नावाचा साधा हिशोब आहे: सॅचुरेशनला ऑक्सिजनच्या प्रमाणाने (४० टक्के म्हणजे ०.४) भागायचं आणि आलेल्या उत्तराला दर मिनिटाच्या श्वासांनी. एक रुग्ण ४० टक्के ऑक्सिजनवर, श्वास २४, सॅचुरेशन ९५. त्याचा रॉक्स ९.९. दुसरा ८० टक्के ऑक्सिजनवर, श्वास ३४, सॅचुरेशन तेच ९५. त्याचा रॉक्स ३.५. दुसरा, सहावा किंवा बारावा तास उलटल्यावर हा आकडा ४.८८ किंवा अधिक असेल तर नळी लागण्याचा धोका कमी. बाराव्या तासाला ३.८५ च्या खाली असेल तर धोका मोठा. हा हिशोब न्यूमोनियाच्या रुग्णांवर तपासलेला आहे, सीओपीडीला तो लावू नये.

आणि आकड्यांआधी रुग्णाकडे बघा. मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताठ होतात का? छाती वर येताना पोट आत जातं का? एक वाक्य सलग बोलता येतं का? मघापर्यंत तळमळणारा माणूस शांत, पेंगुळलेला झाला तर "आता बरं वाटतंय" असं समजू नका. तो थकलेला असू शकतो किंवा कार्बन डायऑक्साइड चढलेला असू शकतो. ताबडतोब कळवा.

१०. ऑक्सिजन वाढवून सॅचुरेशन १०० का ठेवत नाहीत?

गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनने फायदा होत नाही आणि काहींना अपाय होतो. बहुतेकांसाठी ९४ ते ९८ पुरे, अनेक आयसीयू ९२ ते ९६ वरही समाधानी असतात. कार्बन डायऑक्साइड साठण्याची सवय असलेल्या रुग्णासाठी लक्ष्य ८८ ते ९२. अशा रुग्णाला भरपूर ऑक्सिजन दिला की फुप्फुसाच्या निकामी भागांकडे रक्त वळू लागतं, हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड सोडून देतं आणि रक्तात तो वाढतो. टास्मानियात रुग्णवाहिकांमधून झालेल्या २०१० च्या चाचणीत सीओपीडीच्या रुग्णांना मोजून ऑक्सिजन दिल्यावर मृत्यू कमी झाले.

याचा उलटा अर्थ काढू नका. सॅचुरेशन ८० वर असताना "सीओपीडी आहे" म्हणून ऑक्सिजन रोखणं जीवघेणं आहे. आणि कार्बन डायऑक्साइड चढलेला दिसला तरी ऑक्सिजन झटकन बंद करत नाहीत, हळूहळू उतरवतात.

११. बायपॅप किंवा हाय फ्लोवर किती वेळ वाट पाहायची?

या सगळ्या यंत्रांच्या तुलनेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच प्रश्न. बायपॅप लावल्यावर साधारण तासाभराने पुन्हा एबीजी करतात. पीएच आणि श्वासांची गती एक-दोन तासांत सुधारू लागली पाहिजे. हाय फ्लोवर दुसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या तासाला नीट बघायचं, प्रश्न ९ मधला रॉक्सचा हिशोब त्यासाठीच आहे. कोरियातल्या २०१५ च्या एका अभ्यासात, हाय फ्लो अपयशी ठरून ४८ तासांनंतर नळी घातलेल्यांमध्ये मृत्यू आधी नळी घातलेल्यांपेक्षा जास्त दिसले.

याचं कारण कळायला अवघड नाही. मास्क जरा बरा चाललाय असं वाटतं, रात्र निघून जाते, स्नायू थकत जातात, आणि नळी घालायची वेळ येते तेव्हा रुग्णाजवळ काहीच साठा उरलेला नसतो. म्हणून यंत्र लावतानाच टीमने ठरवून लिहून ठेवावं: किती वाजता बघणार, काय दिसलं तर पुढे जाणार. नातेवाईकांनी हे विचारायला संकोच करू नये.

१२. व्हेंटिलेटर लावला म्हणजे आशा संपली का?

नाही. हा समज फार नुकसान करतो, कारण त्यापायी घरचे परवानगी द्यायला उशीर करतात. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेत नळी घालून हाताने पिशवी दाबत श्वास देण्याचा मार्ग दाखवला. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून तासन्‌तास पिशव्या दाबत बसले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. आजचा आयसीयू त्यातून उभा राहिला. व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही. औषधं आणि शरीर आपलं काम करेपर्यंत तो वेळ मिळवून देतो.

धोके खरेच आहेत: फुप्फुसाला इजा, नवा जंतुसंसर्ग, स्नायूंची कमजोरी, गुंगीतून येणारा भ्रम. म्हणून तो जपून चालवतात. २००० सालच्या अमेरिकी चाचणीत एआरडीएसच्या रुग्णांना आदर्श वजनाच्या किलोमागे १२ मिलीऐवजी ६ मिलीचे छोटे श्वास दिले, तेव्हा मृत्यू ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. २०१३ च्या प्रोसेवा चाचणीत तीव्र एआरडीएसच्या रुग्णांना सलग १६ तास पालथं ठेवल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आले. पालथा रुग्ण पाहून घाबरू नका.

१३. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि झोपेसाठीचं सीपॅप आहे. त्यावर भागवता येईल का?

अचानक लागलेल्या तीव्र धापेला, नाही. कॉन्सन्ट्रेटर मिनिटाला ५ किंवा १० लिटरच देतो. घरच्या सीपॅप-बायपॅपमध्ये बहुधा ऑक्सिजनचा टक्का ठरवायची सोय नसते. बाहेरून नळी जोडली तरी नेमका किती मिळतो ते कळत नाही. रुग्णालयात जाईपर्यंत हाताशी असलेला ऑक्सिजन जरूर लावा, पण त्यासाठी निघायला उशीर करू नका. यंत्र सोबत न्या, त्याची सेटिंग्ज डॉक्टरांना उपयोगी पडतात.

एक इशारा: या यंत्रांना एकच नळी असते आणि उच्छ्वास मास्कवरच्या किंवा नळीवरच्या छिद्रांतून बाहेर जातो. छिद्रं नसलेला मास्क तसाच जोडला किंवा छिद्रांवर चिकटपट्टी लावली तर रुग्ण स्वतःचाच उच्छ्वास आत घेत राहतो.

१४. हाय फ्लोवरच्या रुग्णाला स्कॅनला किंवा दुसऱ्या रुग्णालयात नेताना काय बघायचं?

ऑक्सिजनचा हिशोब. १०० टक्क्यांवर ६० लिटर प्रवाह असेल तर ७,००० लिटरचा मोठा सिलिंडर दोन तासही पुरत नाही. अनेक हाय फ्लो यंत्रांना बॅटरी नसते. निघण्याआधी अर्धा तास पर्यायी साधनावर ठेवून बघावं. त्यावर टिकत नसेल तर आधी नळी घालून मग नेणं सुरक्षित.

१५. बाळांनाही हाय फ्लो चालतो का?

चालतो, वजनाप्रमाणे. ब्रॉन्किओलायटिसमध्ये (बाळांच्या बारीक श्वासनलिकांना सूज येण्याचा आजार) किलोमागे मिनिटाला २ लिटर असा प्रवाह वापरून २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मोठी चाचणी झाली. उपचार अपुरे पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांवरून १२ वर आलं.

१६. रुग्ण शुद्धीवर नाही, तरी बायपॅप लावलाय. हे चूक नाही का?

एरवी चूकच. शुद्ध हरपलेल्या माणसाला उलटी झाली तर ती थेट फुप्फुसात जाते. सतत उलट्या, पोटातून रक्तस्राव, चेहऱ्याची मोठी इजा, न निघणारा कफ, छातीत अडकलेली हवा न काढलेली असणं, श्वास थांबण्याच्या बेतात असणं: या सगळ्यांत बायपॅप टाळतात. अपवाद एकच, पण महत्त्वाचा. सीओपीडीत कार्बन डायऑक्साइड चढल्यामुळेच गुंगी आली असेल तर बायपॅपने तो उतरतो आणि माणूस तासा-दोन तासांत डोळे उघडू शकतो. त्यासाठी अनुभवी टीम, सतत लक्ष आणि नळीची तयारी हवी. सुधारणा दिसली नाही तर प्रश्न ११ लागू.

१७. आजोबांनी "मला व्हेंटिलेटर नको" असं सांगून ठेवलंय. मग काहीच करायचं नाही का?

बरंच करता येतं. बायपॅप किंवा हाय फ्लो हीच शेवटची मर्यादा ठरवून पूर्ण उपचार करता येतात, आणि सीओपीडी किंवा हृदयाच्या कमजोरीत असे कितीतरी रुग्ण बरे होऊन घरी जातात. उपयोग होत नाही असं दिसलं तर मास्कचा त्रास थांबवून हाय फ्लो किंवा नाकातली साधी नळी आणि धाप शमवण्यासाठी मॉर्फिनचा छोटा डोस देतात. रुग्ण बोलू शकतो तेव्हाच हे त्याच्याशीच बोलून घ्या.

१८. एक्मो केव्हा?

एक्मो म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून यंत्रात त्याला ऑक्सिजन देऊन परत सोडणं. उत्तम व्हेंटिलेशन आणि पालथं ठेवूनही ऑक्सिजन टिकत नसेल, आणि मूळ आजार बरा होण्यासारखा असेल तेव्हा. २०१८ च्या इओलिया चाचणीत ६० दिवसांतले मृत्यू एक्मोच्या गटात ३५ आणि दुसऱ्या गटात ४६ टक्के होते, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. अनुभवी केंद्र असेल तरच त्याचा विचार करावा.

१९. नळी काढली आणि पुन्हा धाप लागली. आता बायपॅपने निभावून नेता येईल ना?

इथे वेळेने सगळं बदलतं. नळी काढताच, धाप लागण्याआधी, धोका जास्त असलेल्या रुग्णांना हाय फ्लो आणि आलटून पालटून बायपॅप दिला तर फायदा होतो. २०१९ च्या फ्रेंच चाचणीत पुन्हा नळी लागण्याचं प्रमाण नुसत्या हाय फ्लोवर १८ टक्के होतं, दोन्ही मिळून १२. पण धाप लागल्यावर मग बायपॅप लावून बघणं ही वेगळी गोष्ट. २००४ च्या चाचणीत अशा रुग्णांत पुन्हा नळी घालायला उशीर झाला आणि मृत्यू वाढले. सीओपीडीचा किंवा हृदयाच्या कमजोरीने फुप्फुसात पाणी भरलेला रुग्ण असेल तर थोडा वेळ प्रयत्न करता येतो. बाकीच्यांना पुन्हा नळी लागली तर तो पराभव समजू नये. वेळेवर घातलेली दुसरी नळी उशिरा घातलेल्या नळीपेक्षा कितीतरी सुरक्षित असते.